कळशीला कळशी न लागता

फोनवर वाय-फायची यादी उघडली की आमच्या घराची तीन नावं दिसतात. ‘वर’, ‘खाली’ आणि ‘मडी’. ‘वर’ मी वापरतो. ‘खाली’ तळमजल्यावरच्या शिंप्याच्या दुकानासाठी आहे. ‘मडी’ माझ्या बायकोचं होतं. ती गेली त्याला बरेच महिने झाले. नाव अजून दिसतं, सगळ्या रेघा भरलेल्या असतात, आणि त्याच्या मागे कोणी नसतं.

तिन्ही नावं एकाच डबीतून निघतात. पुढच्या खोलीतल्या पुस्तकांच्या कपाटावर ती पांढरी डबी ठेवलेली आहे. रस्त्यावरच्या खांबावरून एकच वायर घरात येते, ती डबीत शिरते, आणि तिथून तीन वाटा फुटतात. ही मांडणी तिची. मी जन्मभर कॉलेजात संस्कृत शिकवलं. यंत्रांशी माझा संबंध त्यांच्यावरची धूळ पुसण्यापुरता. ती इथे म्हैसुरात, मेटगळ्ळीच्या एका कारखान्याच्या ऑफिसात कॉम्प्युटर सांभाळायची. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत तिला घरून काम करायची मुभा मिळाली, पण एका अटीवर. तिच्या लॅपटॉपवर कामगारांचे पगार, रजा, आजारपणं असं सगळं असायचं, म्हणून घरातल्या दुसऱ्या कुठल्याही कॉम्प्युटरला तो दिसता कामा नये.

वेगळी लाइन घ्यावी तर ते तिला पटेना. एका घरात दोन वायरी कशाला, म्हणाली. शिवाय खालचा शिंपीही आमच्याच लाइनवर होता. तो आमच्यासारखाच इथला जुना मराठी माणूस, विठ्ठलाचं करणारा. ब्लाउजवरच्या भरतकामाची डिझाइनं तो कुठून कुठून उतरवून घ्यायचा, आणि एकदा त्याच्या कॉम्प्युटरवर एखादं फूल उघडलं की शेजारी दहा जाहिराती उघडू लागल्या. तो रोग जिना चढून वर यायच्या आत काहीतरी करायला हवं होतं. एका रविवारी ती कपाटापुढे स्टुलावर बसली आणि संध्याकाळपर्यंत उठली नाही.

झाल्यावर तिनं मला समजावून सांगितलं. ते कसं सांगितलं हे कळायला माझी आई कळायला हवी.

आमच्या म्हैसूरच्या घरांत सोवळ्याला मडी म्हणतात. शब्द कन्नड. सोवळं हा शब्द मला पुढे पुस्तकांत भेटला. मडी मात्र रांगता येऊ लागल्यापासून माहीत होती, कारण रांगत कुठे जायचं नाही हे तिच्यावरून ठरायचं. परसात विहीर होती. घरातलं सगळं पाणी तिचंच. आई अंघोळ करून, ओल्या साडीनं, आपली तांब्याची कळशी भरून आणायची आणि चुलीशेजारच्या कोपऱ्यात ठेवायची. त्याच विहिरीचं पाणी आमच्याही कळश्यांत असायचं. पण आमच्या कळशीचा काठ तिच्या कळशीला नुसता लागला तरी ती सगळं पाणी आळ्यात ओतून पुन्हा विहिरीवर जायची. चिडायची नाही. एक शब्द बोलायची नाही. ते जास्त लागायचं.

माझी बायको धारवाडकडची. तिच्या माहेरी यातलं काही नव्हतं. सून म्हणून तिनं मडी पाळली, आणि पाळता पाळता तिची खूप चेष्टाही केली. आई गेली तेव्हा ती कळशी कोपऱ्यात तशीच राहिली. शिवायला आता कोणाची बंदी नव्हती, तरी कोणी शिवेना. तेरावं झालं आणि दुसऱ्या दिवशी बायकोनं ती उचलली, घासली आणि न्हाणीघरात ऊन पाण्याला ठेवली. माझी थोरली बहीण, अक्का, तेव्हा घरात होती. तिला ते फार लागलं.

“ज्याची मडी त्याच्याबरोबर गेली, अक्का,” बायको म्हणाली. “कळशी बिचारी नुसती कळशी.”

त्यानंतर कित्येक वर्षांनी, त्या रविवारी, स्टुलावरून उतरून कंबर चोळत ती मला म्हणाली, “सासूबाईंची विहीर करून ठेवलीय बघा. पाणी सगळ्यांना. कळशीला कळशी लावायची नाही.” आणि आपल्या भागाचं नाव तिनं ‘मडी’ ठेवलं.

मी मान डोलावली. मला उपमा कळली होती. वस्तू कळली नव्हती. काव्यशास्त्र शिकवणाऱ्यांचं असं होतं.

त्या मांडणीचा मला त्रास एवढाच होता की एखादा लेख तिला दाखवायचा झाला तर माझ्या टेबलावरून तिच्या खोलीत, म्हणजे एका भिंतीपलीकडे, तो पाठवायला ईमेल करावी लागायची. तिला त्याची गंमत वाटे. तुमचा लेख सातासमुद्रापार जाऊन शेजारच्या खोलीत येतो आणि तरी त्याला बाहेरची हवा लागलेली दिसत नाही, असं ती म्हणे. दुसरा मार्ग पेन ड्राइव्हचा. लाल रंगाचा एक पेन ड्राइव्ह किल्ल्यांच्या खिळ्याला अडकवलेला असे. दोन खोल्यांमधली ती एकच ये-जा.

ती निवृत्त झाली, ऑफिसचं सगळं लॅपटॉपवरून काढून टाकलं, तरी तिनं हे काही बदललं नाही. बसलेली घडी कशाला मोडायची, म्हणाली.

तेव्हापासून आमचा दुपारच्या कॉफीचा एक परिपाठ झाला. ती एखादी कन्नड कादंबरी घेऊन बसायची आणि मला मराठीतून वाचून दाखवायची. पुस्तक डोळ्यांपुढे कन्नड, तोंडातून येणार मराठी, मध्ये थांबणं नाही. गरज काहीच नव्हती. माझी सगळी शाळा कन्नडमध्ये झालेली. ती पुस्तकं मी तिच्याआधी वाचू शकलो असतो. गरज नव्हती म्हणूनच कदाचित ते आम्हाला इतकं आवडायचं. तिची ती मराठी कुठल्याही पुस्तकात सापडणारी नव्हती. त्यात थोडं धारवाड होतं, थोडं आमचं घर, आणि जिथे मराठी शब्द अपुरा पडे तिथे ती सरळ कन्नड शब्द तसाच ठेवून पुढे जाई. गोष्टीतल्या खाष्ट बायका माझ्या आईसारख्या बोलत. लुच्चे कारकून तिच्या जुन्या मॅनेजरसारखे. मी मध्येच एखाद्या वाक्यावर बोलू लागलो की ती पुस्तकात बोट घालून, माझं संपेपर्यंत कपातला फेस बघत बसे.

शेवटची कादंबरी जाड होती. नदीकाठच्या एका गावातल्या दोन जावांची गोष्ट. एकमेकींशी बोलत नाहीत, पण एकाच चुलीवर स्वयंपाक करतात. आमचं निम्म्याच्या जरा अलीकडे आलं होतं तेव्हा तिच्या घशाचं दुखणं निघालं. तपासण्या झाल्या. ऑपरेशन करावं लागेल आणि आवाज जाईल, असं डॉक्टरांनी सांगितलं. तिनं ते ऑफिसातला एखादा बिघाड ऐकावा तसं ऐकून घेतलं. किती दिवस आहेत हातात, एवढंच विचारलं.

घरी आल्यापासून दुपारची ती आपल्या खोलीचं दार लावून घेऊ लागली. आतून बोलल्याचा आवाज यायचा. बोलून घसा थकला की गरम पाणी मागायची. मी दोन-तीन दिवस काही विचारलं नाही. मग तिनं आपणहूनच सांगितलं. राहिलेली कादंबरी ती लॅपटॉपवर बोलून ठेवत होती.

“मी गप्प झाल्यावर कॉफीबरोबर काय कराल तुम्ही?” ती म्हणाली.

झालं आहे तेवढं ऐकू दे, असं मी म्हटलं. तिनं दिलं नाही. अर्धं हातात आलं की तुम्ही अर्ध्यावरच व्याख्यान सुरू करता. सगळं झालं की एकदम देईन, म्हणाली. आणि तिनं खरंच सगळं संपवलं. हॉस्पिटलात जायच्या आदल्या दुपारी ती खोलीतून बाहेर आली तेव्हा आवाज पार बसलेला होता आणि चेहरा, काय सांगू, परीक्षा देऊन आलेल्या मुलीसारखा. परत आल्यावर पेन ड्राइव्हवर घालते, म्हणाली. ऐकताना तिला माझ्यासमोर बसायचं होतं. माझं तोंड बघायचं होतं.

ऑपरेशन नीट झालं. नंतर ती पाटीवर लिहून बोलायची. मी एकदा विचारलं, ते ठेवलंय ना जपून? तिनं पाटीवर लिहिलं, “घरीच आहे.” मग कुठूनसा ताप आला, तो छातीत उतरला, आणि ती घरी आली नाही.

पुढचं सगळं अक्कानं बघितलं. अक्काचं वय झालेलं, गुडघे धरलेले, तरी ती अग्रहारातलं आपलं घर बंद करून आमच्याकडे येऊन राहिली. बायको सवाष्ण गेली, म्हणून तेराव्याला सवाष्णी जेवल्या, आणि त्यातल्या एकीला गेलेलीच्या वस्तूंचं वाण द्यायचं होतं. सुपात साडी, खण, बांगड्या, फणी, करंडा, आरसा. घ्यायला यायची होती कृष्णराजनगरच्या पुरोहितांची बायको. आमच्या उरल्यासुरल्या मराठी घरांचं सगळं तेच पुरोहित करतात.

सूप भरता भरता अक्का आरसा हातात घेऊन थांबली.

“हिनं आरशात कधी बघितलं सांग की,” ती मला म्हणाली. “सुम्ने, उगीच द्यायचं म्हणून काय द्यायचं? ज्याला रोज तिचा हात लागला ते द्यायचं असतं.”

तिची नजर खोलीतल्या टेबलावर गेली. लॅपटॉप मिटलेला होता.

“ते दे. भटजींची बायको अजून पत्रिका हातानं काढत बसते. डोळे गेले तिचे.”

अक्का हट्टी आहे पण आडमुठी नाही. तिनं नीट विचारलं, “आत तुझं काय आहे काय? आधी सांग.”

मला त्या रेकॉर्डिंगची आठवण होती. त्या दिवसांत दुसरं काही आठवतच नव्हतं. पण माझ्या डोक्यात चित्र असं होतं: विहीर एक, म्हणजे पाणी एक, एका कळशीत आहे ते सगळ्या कळश्यांत असणार. वायर एकच आहे, डबी एकच आहे. तिनं पाटीवर लिहिलं होतं, घरीच आहे. घर कुठे जात होतं? तिच्या लॅपटॉपमध्ये आहे ते माझ्या कॉम्प्युटरमध्येही असेलच, मी अक्काला सांगितलं. अक्कानं यावर काय म्हणायचं? तिनं लॅपटॉपच्या झाकणाला हळदकुंकू लावलं, तो सुपात साडीखाली ठेवला, आणि मी पळीनं पाणी सोडलं. पुरोहितांच्या बायकोनं सूप पदराखाली घेतलं तेव्हा ते तिला जरा जड झालं आणि ती किंचित हसली, हेही मी पाहिलं.

सगळे गेले. अक्काही गेली. घर पुसून झालं, आणि एका दुपारी मी कॉफी केली, कप टेबलावर ठेवला आणि माझ्या कॉम्प्युटरपुढे ऐकायला बसलो.

मला शोधायची एकच रीत येते, ग्रंथालयातली. प्रत्येक कपाट, प्रत्येक फळी, पुस्तकामागे पडलेलं पुस्तक. तसं सगळं शोधलं. माझेच लेख सापडले, आणि त्यांच्या मी विसरलेल्या प्रती. कॉफीवर साय आली.

मेटगळ्ळीच्या ऑफिसात तिच्या हाताखाली काम केलेल्या, आता तिच्या जागी असलेल्या एका बाईंना मी फोन केला. त्या सुटीच्या दिवशी आल्या. डबीतली मांडणी माझ्या कॉम्प्युटरवर उघडून बराच वेळ वाचत राहिल्या. आमचं बोलणं कन्नडमध्ये झालं. त्यांनी सांगितलं ते असं, की इंटरनेट तेवढं तिघांना एक आहे. त्यापलीकडे कोणालाही कोणी दिसत नाही. तुमच्या कॉम्प्युटरला मॅडमचा लॅपटॉप शेजारी आहे हे कधी कळलंच नाही. त्यांच्यातलं तुमच्यात येणं शक्यच नव्हतं. बाहेर कुठे साठवून ठेवण्यावर मॅडमचा विश्वास नव्हता, ते ऑफिसात सगळ्यांना माहीत होतं.

“मॅडमचं काम आहे, सर,” त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात अभिमान होता. “कुठून थेंब गळायचा नाही.”

मग आपण काय बोललो ते त्यांच्या लक्षात आलं. थोड्या वेळानं त्या म्हणाल्या की लॅपटॉप जिथे आहे तिथे सगळं असणारच, पेन ड्राइव्ह लावायचा आणि उतरवून घ्यायचं, पाच मिनिटांचं काम. लॅपटॉप कुठे आहे, असं त्यांनी विचारलं. वाणात दिला, असं मला सांगावं लागलं.

पाणी सोडून दिलेलं परत मागत नाहीत. हे आमच्याकडे कोणी शिकवत नाही, ते असतंच. मी मनाशी म्हटलं, मी भांडं मागत नाही, फक्त आतलं उतरवून घेतो; भांडं तिथेच राहील. अक्काला फोन करून सांगितलं. ती आधी भडकली. दिलेलं मागायला जातोस, लोक काय म्हणतील, आपल्या घरात हे झालं नव्हतं. मी तिला कादंबरीचं सांगितलं. दार लावून बोलून ठेवलेलं, शेवटापर्यंत.

“जाऊन ये,” ती म्हणाली. “आधी का सांगितलं नाहीस रे?”

लाल पेन ड्राइव्ह खिळ्यावरून काढून मी खिशात घातला आणि कृष्णराजनगरची बस धरली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भातखाचरांत पाणी भरलेलं होतं. सबंध वाटेत माझा हात खिशात होता.

पुरोहित कुठेतरी वास्तुशांतीला गेले होते. त्यांच्या बायकोनं दार उघडलं, मला बघून तिला खरंच आनंद झाला. बसवलं, पाणी दिलं. लॅपटॉप पुढच्या खोलीत एका चौरंगावर, वर भरतकामाचा रुमाल घालून ठेवलेला होता. मी विचारायच्या आधीच ती दाखवू लागली. पत्रिका आता किती लवकर होतात, कन्नड आणि मराठी दोन्ही, जपानला गेलेल्या एका मुलाचीसुद्धा काढून पाठवली. वहिनींचा हात लागलेला, म्हणाली, म्हणून चुकत नाही. मी ते सगळं बघितलं. झाल्यावर मी खिशातून पेन ड्राइव्ह काढला आणि कशासाठी आलो ते सांगितलं.

तिचा हात रुमालावर होता तसाच राहिला.

“आत काही नाही हो,” ती म्हणाली. “मी शुद्ध करून घेतलंय.”

मला समजेना. तिनं खाली बघत सावकाश सांगितलं. सुतकाच्या घरातून आलेली वस्तू तशीच कशी वापरायची? तांब्यापितळेचं भांडं असतं तर चिंचेनं घासून विस्तवावर धरलं असतं. याला काय करायचं ते तिला कळेना, म्हणून बसस्टँडजवळच्या कॉम्प्युटरच्या दुकानात घेऊन गेली. आतलं सगळं पुसून नव्यासारखं करून द्या, म्हणाली. दुकानदारानं पुसलं. हिनं विचारलं, अगदी सगळं जातं ना? तो म्हणाला, तसं पूर्ण कधीच जात नाही, अम्मा. खोल कुठेतरी थोडं राहतं, कोणी खणत बसलं तर सापडतंही.

“मग मी म्हटलं, हे मातीच्या भांड्यासारखं झालं,” ती म्हणाली. “माती घासून शुद्ध होत नाही. आत मुरतं. ते बदलावंच लागतं. तुमच्या आईंना विचारलं असतं तर त्यांनीही हेच सांगितलं असतं.”

दुकानदारानं जुनी हार्ड डिस्क काढून नवी घातली. जुनी हवी का, म्हणून त्यानं विचारलंही होतं. टाकून द्या, म्हणाली. बाहेर काढलेलं मातीचं भांडं कोणी घरी आणतं का?

मी तिच्या बोलण्यात चूक शोधत होतो. वर्गात समोरच्याच्या युक्तिवादात दोष काढायचा हाच माझा धंदा होता. सापडला नाही. आईनं हेच केलं असतं. आईनं हेच केलं असतं हे तिला माहीत होतं, म्हणून तर तिनं ते इतक्या काळजीनं केलं. आमच्या घराची वस्तू आमच्याच घराच्या रीतीनं घेतली होती.

मी दुकानात जाऊन आलो. दुकानदार भला माणूस. जुनं सामान महिन्याला भंगाराच्या गाडीत जातं, गाडी येऊन गेली, असं त्यानं सांगितलं, आणि तरी मला बरं वाटावं म्हणून एक खोकं उपसून दाखवलं. त्यात वायरी होत्या.

चप्पल तिच्या अंगणात राहिली होती. दुकानाकडे मी अनवाणीच गेलो होतो हे परतल्यावर लक्षात आलं. ती लॅपटॉपची वायर गुंडाळत बसली होती.

“घेऊन जावा,” ती म्हणाली. “मला नको.”

“पाणी सोडलंय,” मी म्हटलं.

ती रडायला लागली. मला रडू येईना. डोळे पुसून तिनं विचारलं, काय होतं आत. एक गोष्ट होती, मी म्हटलं. कुठली, तिनं विचारलं.

“माहीत नाही. अर्धीच ऐकली आहे.”

तिनं वायर पुन्हा सोडली, लॅपटॉपवर रुमाल घातला आणि मला कॉफी करायला आत गेली. नको म्हणायचं मला सुचलं नाही.

घरी आलो तेव्हा खालचा शिंपी दुकानाच्या पायरीवर उभा होता. अक्काला मी फोनवर सगळं सांगितलं. पुढच्या एक-दोन दिवसांत तिच्याकडून शिंप्यालाही ते कळलं असावं, कारण एका सकाळी तो वर आला. उभ्याउभ्याच म्हणाला, ते मॅडम बोलायच्या ते मला खाली ऐकू यायचं. ऑफिसची मीटिंग आहे असं त्याला वाटायचं. मशिनीचा आवाज मध्ये नको म्हणून तो रोज तेवढा वेळ मशीन बंद ठेवून हातशिलाई करत बसायचा.

“काय बोलत होती?” मी विचारलं. विचारताना उभा राहिलो होतो.

“शब्द नाही कळले, सार. स्लॅबमधनं नुसता आवाज यायचा.” तो थोडा वेळ आठवत राहिला. “पण मधेच हसायच्या. मला वाटलं, मीटिंगमध्ये एवढं काय हसायचं असतं.”

म्हणजे राहिलेल्या अर्ध्या भागात कुठेतरी हसायची जागा आहे. माझ्या हाती आलं ते इतकंच. ती जागा मी शोधली. कादंबरी माझ्यापाशी आहे, तिनं खूण म्हणून घातलेला ब्लाउजचा धागा अजून निम्म्याच्या अलीकडेच आहे. धाग्यापासून पुढे मी कन्नडमधून सगळी वाचून काढली. शेवट कळला. दोन्ही जावा शेवटपर्यंत बोलत नाहीत. हसण्यासारखं मला कुठे काही दिसलं नाही. एखाद्या साध्या वाक्यावर तिनं मराठीत काहीतरी केलं असणार, आणि ते वाक्य पुस्तकात आता साधंच आहे.

मग मी स्वतः प्रयत्न केला. कॉफी केली, कॉम्प्युटरपुढे बसलो, रेकॉर्डिंग सुरू केलं आणि धाग्यापासून मराठीत सांगू लागलो. एक पान झाल्यावर ऐकून पाहिलं. दोन्ही जावा प्रश्नपत्रिकेसारख्या बोलत होत्या. मध्ये मी एका शब्दाची व्युत्पत्तीही सांगितली होती. ते पुसलं. माझ्या कॉम्प्युटरवर पुसलेलंही आत कुठेतरी थोडं राहिलं असेल. त्याची भीती नाही. ते खणायला कोण येणार?

परवा दुपारी शिंपी पुन्हा आला. त्यानं भरतकामाचं नवीन मशीन घेतलंय. ते थेट इंटरनेटवरून डिझाइन घेतं, पण कंपनीचा माणूस म्हणतो की ते इतर कॉम्प्युटरांपासून वेगळं ठेवा, नाहीतर बिघडलं तर आमची जबाबदारी नाही. आता ‘खाली’वर तर त्याचा जुना, जाहिरातींचा कॉम्प्युटर आहे. तो संकोचत उभा राहिला. कपाटावरच्या डबीकडे बघत म्हणाला, “ते तिसरं आहे ना, सार. रिकामंच असतं नव्हे?”

त्याचं बरोबर होतं. ती असती तर तिनं त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत दिलं असतं. न्हाणीघरात ती तांब्याची कळशी अजून आहे, मी रोज तिच्यातल्या पाण्यानं अंघोळ करतो. ती घासून तिथे ठेवताना बायको काय म्हणाली होती ते मला शब्दन् शब्द पाठ आहे. त्या वेळी अक्काला ते लागलं आणि मला हसू आलं होतं. मी ते वाक्य जुळवून पाहिलं. जिभेवर आलंही. पण ते म्हणायला तिचा आवाज हवा.

“राहू दे,” मी म्हटलं.

बरं सार, म्हणून तो जिना उतरून गेला. थोड्या वेळानं खालून त्याचं जुनं मशीन सुरू झाल्याचा आवाज आला. ही तिच्या बोलण्याची वेळ; ती गेल्यावरही या वेळेला तो कधीच मशीन चालवत नसे. मी फोन उघडून बघितला. ‘वर’, ‘खाली’, ‘मडी’. तिसऱ्याच्या रेघा पूर्ण भरलेल्या होत्या.